देवांची ताटं : वाचनालयाच्या उपक्रमाच्या नोंदी

२४ एप्रिल

सभेत विषय पक्का झाला : जुन्या धर्मांत देवापुढे ठेवलं जाणारं धान्याचं अन्न. हॉल ९ जूनला संध्याकाळी मिळणार. चार टेबलं. भिंतीवर काही चिकटवायचं नाही, मागच्या वेळी चिकटपट्टीबरोबर रंग निघाला आणि त्यावरून अजून ऐकून घेतोय. नुसती चित्रं आणि कार्डं नकोत, पदार्थ करून मांडायचे, असा मी हट्ट धरला. अध्यक्ष म्हणाले, "कल्पना छान आहे मॅडम, पण करणार कोण?" मग सगळे माझ्याकडे बघत बसले.

तारीख मात्र नकळत झकास पडली. ९ जून म्हणजे रोममधला वेस्टालिया, चुलीची देवी वेस्टा हिचा सण. त्या दिवशी जात्यांना विश्रांती. जात्यांवर फुलांचे हार, आणि जातं ओढणाऱ्या गाढवांच्या गळ्यात पावांच्या माळा. पोळाच, पण गाढवांचा.

यादी केली. रोमचं खारं पीठ मोला साल्सा, ग्रीसमधल्या एल्युसिसचं सातूचं पेय किकिऑन, आपल्या यज्ञातली भाकरी पुरोडाश, यरुशलेमच्या मंदिरातल्या बारा भाकरी, प्राचीन मेसोपोटेमियातल्या उरुकच्या देवळातलं रोजचं जेवण. इजिप्त गाळलं, कारण त्यात हात घातला की बाकी काही होत नाही. समितीतले दोघं नाराज.

२८ एप्रिल

रोमन लोक देवाला जे धान्य देत त्याला ते 'फार' म्हणत. वनस्पतिशास्त्रात हा एमर गहू, आणि एमर म्हणजे आपली खपली. सांगली-कोल्हापुरात जिची खीर होते तीच. म्हणजे रोमच्या देवीचं धान्य मला एसटीच्या एका तिकिटावर मिळणार होतं.

पुढे रोमचा बाजार बदलला. सहज मळला जाणारा, छान फुगणाऱ्या पावाचा गहू आला. रोमन लेखक प्लिनी लिहितो की शहराच्या स्थापनेपासून जवळजवळ ५८० वर्षं रोममध्ये धंदेवाईक पाववाला नव्हता, बायका घरी भाजत. नंतर पाववाले आले, भट्ट्या आल्या, पण देवाच्या ताटात 'फार' धान्यच राहिलं. लग्नाचा सगळ्यात जुना, सोवळ्यातला प्रकार 'कॉन्फारेआतिओ', तोही फारच्या भाकरीवरून ओळखला जाई. ज्युपिटर या मुख्य देवाच्या पुजाऱ्याला आंबवलेल्या पिठाला हातही लावायची मुभा नव्हती.

हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग ऋषिपंचमीला आपण काय करतो?" खरंच की. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरटीचं धान्य चालत नाही, हातानं खणून आलेलंच चालतं. ताटातून गेलेलं अन्न व्रतात टिकून राहतं. कार्डावर घ्यायचं.

दुकानातली खपली सडलेली असते, टरफल काढलेली. मला टरफलासकट हवी होती. मिरजेकडच्या एका शेतकरी दादांनी ५ किलो दिली. पैसे घेताना विचारलं, "पेरायला का ताई?" म्हटलं, "नाही, देवाला." त्यांना पटलं. कुठल्या देवाला, ते विचारलं नाही.

७ मे

आज कांडायला बसले. आजचा दिवस मुद्दाम धरला. सर्व्हियस नावाच्या टीकाकारानं लिहून ठेवलंय की वेस्टाच्या सहा कुमारिका पुजारिणींपैकी ज्येष्ठ तिघी ७ मेपासून १४ मेपर्यंत एक दिवसाआड फारची कणसं टोपल्यांत गोळा करायच्या. स्वतः भाजायच्या, कांडायच्या, दळायच्या आणि पीठ साठवून ठेवायच्या. त्या पिठाचा मोला वर्षातून तीनदा व्हायचा : १५ फेब्रुवारीला, ९ जूनला आणि १३ सप्टेंबरला.

'स्वतः' हा शब्द वाचताना सोपा वाटतो.

मी अर्धा किलो खपली उखळात घातली. उखळ शेजारच्या आक्कांचं, पंधरा वर्षं परसात पालथं पडलेलं. पंधरा मिनिटं मुसळ चालवलं. टरफल थोडं निघालं, दाणे बरेच फुटले, बाकीचे जसेच्या तसे. खपलीचं टरफल दाण्याला असं बिलगलेलं असतं की मळणीत कणसाचे तुकडे होतात, पण दाणा काही उघडा होत नाही. सुपात पाखडायला गेले तर भुसाबरोबर चुराही उडाला. उरलं ते धड दाणे नाहीत, धड रवा नाही. हाताला दोन फोड.

९ मे

अर्धा किलो लोखंडी तव्यावर भाजून घेतली. मंद आंच, सतत हात फिरवत. दहाएक मिनिटांत टरफलांच्या कडा तांबूस झाल्या आणि भाजक्या धान्याचा तो वास आला, जो आला की घरातलं कुणीतरी हमखास स्वयंपाकघरात डोकावतं. गार झाल्यावर उखळात घातली. परवापेक्षा खूपच बरं : टरफल कुरकुरीत होऊन तुटत होतं. प्लिनी म्हणतो की 'फार' भाजायचं हा नेम रोमच्या राजा नुमानं घालून दिला. भाजलेलं अन्न प्रकृतीला बरं म्हणून, आणि न भाजलेलं 'फार' देवकार्याला शुद्धच नाही असं त्यानं ठरवून टाकलं. मी मनातल्या मनात कार्ड लिहूनही टाकलं : 'टरफल निघावं म्हणून भाजत, पुढे त्याचाच धर्म झाला.' खूष होऊन चहा ठेवला.

११ मे

आक्कांनी त्या कार्डावर पाणी फिरवलं. अक्षरशः.

कुंपणावरून बघत होत्या. "काय कराय लागलीस गं? भाजतीस कशाला? पाणी मार की जरा." तिसरा अर्धा किलो त्यांनीच घेतला, ओंजळभर पाणी शिंपडून चोळला, ओल्या फडक्याखाली थोडा वेळ ठेवला आणि मग मुसळ धरलं. त्या पंचाहत्तरीच्या आहेत. त्यांचा घाव माझ्यापेक्षा हलका आणि वेग सारखा; दाणा दाण्यावर घासला जाईल एवढाच जोर. वीस मिनिटांनी टरफल सालासारखं सुटून आलं. अख्खे दाणे माझ्या भाजलेल्या ढिगापेक्षा जास्त. वजन केलं : ५०० ग्रॅममधून ३३० ग्रॅम साफ. माझे भाजलेले २९० भरले होते.

म्हणजे टरफल काढायला भाजावंच लागतं असं नाही. मग नुमाचा एवढा आग्रह कशासाठी?

१३ मे

रात्री अडीचला लक्षात आलं, म्हणून उठून लिहितेय.

मे महिना! इटलीत फारची कापणी जून-जुलैची. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कणसं भरत आलेली असतात, पण हिरवट, दाणा ओला. त्या तिघी पिकलेलं धान्य आणतच नव्हत्या. त्या ओंब्या आणत होत्या. ओला दाणा साठवला तर बुरशी धरते आणि दळायला घेतला तर जात्याला लगदा चिकटतो. तो भाजावाच लागतो. होळीच्या सुमाराला आपण शेतात गव्हाच्या ओंब्या भाजून हातावर चोळून खातो, तेच. हुरड्याची आगटी आणि वेस्टाची भट्टी सख्ख्या बहिणी.

हा माझा तर्क आहे, कार्डावर तसंच लिहायचं. जुन्या रोमन पंचांगात महिने ऋतूंपासून सरकत असत, त्यामुळे तारखेवर जास्त भार टाकता येत नाही. पण आगटीशेजारी बसलेल्या कुणालाही हे पटेल.

१९ मे

आता 'साल्सा', म्हणजे खारवलेला. मोला म्हणजे जातं, आणि जात्यातून आलेलं ते पीठही. बळीच्या पशूच्या डोक्यावर, पाठीवर हे खारं पीठ भुरभुरल्याशिवाय बळी देता येत नसे. लॅटिनमध्ये बळी देण्याला 'इम्मोलारे' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ एवढाच : वर मोला टाकणे. रोममधला कुठलाही सार्वजनिक यज्ञ या तिघींच्या मुसळाशिवाय अडलेला, हे लिहिताना आक्कांची आठवण आली.

मीठही साधं नव्हतं. फेस्टस या रोमन लेखकाच्या कोशात कृती आहे : मीठ खलात कुटायचं, मातीच्या भांड्यात भरायचं, झाकण लावून जिप्समनं लिंपायचं आणि भट्टीत भाजायचं. मग त्याचा दगड होतो. तो लोखंडी करवतीनं कापायचा आणि पाण्यात घालायचा. पाणी कुठलंही चालेल, फक्त नळातून आलेलं नको.

हे वाचून मोठ्यानं हसले. आमच्या आजीला नळाचं पाणी सोवळ्याला चालायचं नाही, विहिरीचंच लागायचं. आणि नळ तर रोमच्या अभियंत्यांचा अभिमान!

संक्रांतीचं एक सुगड माळ्यावर सापडलं. हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टर ऑफ पॅरिस आणलं, तेही जिप्समच. सुगड भरलं, लिंपलं, अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत ठेवलं. चाळीस मिनिटांनी फटाक्यासारखा आवाज होऊन सुगड उभं चिरलं आणि मीठ राखेत. दोष माझा : मीठ दमट होतं. उद्या आधी तव्यावर कोरडं करून.

२१ मे

जमलं. करड्या-पांढऱ्या मिठाचा मुठीएवढा ढेकूळ. करवत हॅक्सॉची, जावयाच्या पेटीतली, विचारलं नव्हतं. शेजारच्या वाडीतल्या विहिरीतून कळशीभर पाणी आणलं.

खपलीचं भाजकं पीठ आणि हे मीठ कालवून चिमूट जिभेवर ठेवली. खारं, भाजकं, किंचित धुरकट. वर चमचाभर तूप घातलं असतं तर मी वाटीभर खाल्लं असतं.

२५ मे

एल्युसिसचं किकिऑन. ग्रीकांची धान्यदेवी डिमीटर, तिच्या स्तोत्रातली गोष्ट मला या सगळ्यांत जास्त आवडते. मुलगी हरवलेली आई नऊ दिवस अन्नपाण्याविना भटकून एका घरी येते, म्हातारीच्या वेषात. घरातली बाई गोड वाइन पुढे करते. डिमीटर ती नाकारते आणि सांगते : सातूचं पीठ आणि पाणी घे, पुदिन्याची कोवळी पानं घाल, ते दे. तेच पुढे एल्युसिसच्या गुप्त दीक्षेतलं पेय झालं. अथेन्सहून सुमारे २० किलोमीटर चालत यायचं, उपास करायचा, मग हे प्यायचं.

स्तोत्रातला पुदिना आपला नाही, 'ग्लेखॉन' नावाचा रानटी प्रकार आहे. त्याचं तेल यकृताला विषारी, त्यामुळे भाजीवाल्याकडचाच घेतला. जव भाजून भरडले. एक पेला पाण्याला तीन चमचे. पहिला घोट घेतला नि वाटलं, हे तर उन्हाळ्यातलं सातूचं पीठ, फक्त गूळ विसरलेलं.

दीक्षार्थींना जे दर्शन होई ते या पेयातल्या अरगट या धान्यावरच्या, भास घडवणाऱ्या बुरशीमुळे, असा सिद्धांत १९७८ साली मांडला गेला. मला विचाराल तर उपाशीपोटी २० किलोमीटर चाललेल्या माणसाला अंधारात मशाली पुरतात. ख्रिस्ती लेखक हिप्पोलिटस पाखंडी पंथांचं खंडन करायला बसला, आणि त्यात या विधींत शेवटी काय दाखवत ते सांगून गेला : कापलेलं एक कणीस, शांततेत. कार्डावर एवढंच ठेवते. बुरशीबद्दल लोक आपणहून विचारतीलच.

देवीचा वाटा मात्र काटेकोर. एल्युसिसला सापडलेल्या शिलालेखात, इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या, दर हिशोबाने लिहिलाय : सातूचा सहाशेवा हिस्सा, गव्हाचा बाराशेवा. साठवायला तळघरं बांधा, असाही हुकूम. देवी सातू मागते, गव्हावर निम्मी सूट.

२६ मे

कालचा पेला ओट्यावर राहिला होता. वर निवळ हिरवट पाणी, तळाशी बोटभर पीठ. किकिऑन या शब्दातच 'ढवळणे' आहे, आणि ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लायटसचं एक वचन आहे की ढवळलं नाही तर किकिऑनही विस्कटतं. तत्त्वज्ञ लोक त्यावर पानंच्या पानं लिहितात. माझ्यासाठी व्यवहार असा की टेबलावर एक ढवळणारी व्यक्ती लागेल. अकरावीतल्या एका मुलीला नेमलं.

३० मे

पुरोडाश. यज्ञातली ही भाकरी खापरांवर भाजतात, त्यांना कपालं म्हणतात. पौर्णिमेच्या इष्टीत, म्हणजे छोट्या यज्ञात, अग्नीची भाकरी आठ कपालांवर, अग्नी-सोमाची अकरावर. कौलारू घर पाडताना ठेवलेल्या मंगलोरी कौलांचे तुकडे मागच्या दारी होतेच, त्यातले आठ घासून घेतले.

तांदळाचं पीठ, गरम पाण्यात मळलेलं. म्हणजे उकडच. हाताला सवयीचं, मोदक वळायला बसल्यासारखं. प्रश्न आकाराचा. घोड्याच्या खुराएवढा करावा, असं काही आचार्य म्हणतात. शतपथ ब्राह्मण हा यज्ञविधींचा वैदिक ग्रंथ त्यावर विचारतो : घोड्याचा खूर केवढा असतो ते कुणाला माहीत? स्वतःच्या मनाला फार मोठा वाटणार नाही एवढा करावा. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचा हा वैतागलेला आवाज ऐकून मला फार बरं वाटलं. तळहाताएवढा केला.

याच ग्रंथात पुढे म्हटलंय की यज्ञाचं सार आधी माणसात होतं, मग ते घोड्यात गेलं, मग बैलात, मेंढ्यात, बकऱ्यात, आणि तिथून जमिनीत शिरलं. देवांनी खणलं तेव्हा हाती लागले तांदूळ आणि जव. म्हणून पीठ हे केस, पाणी घातलं की कातडी, मळलं की मांस, भाजलं की हाड, तूप लावलं की मज्जा. कणीक मळताना हे डोक्यात ठेवून बघा. दोन मिनिटं हात थबकतो.

आणि पूषा देव. त्याला दात नाहीत, म्हणून त्याचा चरू, म्हणजे शिजवलेला नैवेद्य, पिठाचा करतात. घरातल्या आजोबांसाठी पोळी कुस्करावी तसं. याला स्वतंत्र वाटी द्यायचं ठरवलं, यादीत नसताना.

खापरं चुलीवर जोडून मांडली, वर भाकरी, तिच्यावर पुन्हा निखारे. खालची बाजू करपली, वरची छान. पुढच्या खेपेला खाली विस्तव कमी.

३ जून

बारा भाकरी करायच्या नाहीत, असा निर्णय घेतला. ताट रिकामंच ठेवणार.

बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय ग्रंथात माप आहे : प्रत्येक भाकरीला दोन दशांश एफा (धान्याचं जुनं माप) सपीठ, बारा भाकरी, दोन ओळी, वर ऊद. दर शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, बदलायच्या आणि उतरवलेल्या पुरोहितांनी खायच्या. पण कसब गार्मू घराण्याचं, आणि ते शिकवायला तयार नव्हते. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात पुढची गोष्ट आहे. ऋषींनी अलेक्झांड्रियाहून कारागीर आणले. त्यांना भाजता आलं, पण गार्मूंसारखी भट्टीतून अलगद काढता येईना, आणि त्यांच्या भाकरीला बुरशी धरायची. शेवटी गार्मूंनाच परत बोलावलं. ते आले ते रोजच्या मोबदल्याचे १२ ऐवजी २४ माने (पैशाचं जुनं एकक) घेऊन! का शिकवत नाही, असं विचारल्यावर म्हणाले, हे मंदिर पडणार आहे हे आमच्या घरात माहीत आहे; उद्या कुणी नालायक शिकला तर मूर्तींपुढे ठेवील. आणि याच घराण्याच्या पोरांच्या हातात कधी सपिटाची भाकरी दिसली नाही. देवाच्या पिठातलं खातात, असं कुणी म्हणू नये म्हणून.

मंदिर इसवीसन ७० मध्ये पडलं. कसब गेलं. रिकामं ताट हेच खरं.

एकानं सुचवलं, आपल्या बेने इस्रायलींचा मलिदा ठेवा : भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, फळं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याचं स्थानही आहे. मोह झाला, पण तो रायगडच्या मातीतला, मंदिरातला नव्हे. त्या रिकाम्या ताटाशेजारी ठेवला तर लोक तोच बारा भाकरींचा वारस समजतील. पुढच्या वर्षी त्याचं स्वतंत्र टेबल.

५ जून

उरुकचं फक्त कार्ड, कारण तिथला आकाशदेव अनू आणि इतर देवांच्या चार वेळच्या जेवणाला रोज २४३ भाकऱ्या लागत. ग्रीक राजवटीच्या काळातली मातीची पाटी आहे, तिच्यात सगळा शिधा मांडलाय. मला मात्र त्यातली एक सूचना घ्यायचीय : दळणाऱ्यानं दळताना आकाशातल्या नांगराचं वचन म्हणायचं, भाकरी करणाऱ्यानं मळताना आणि गरम भाकरी काढताना धान्यदेवी निसाबाचं नाव घ्यायचं. जात्यावरची ओवी, पण सक्तीची. शिवाय देवळात भाकरी पुरवायचे दिवस वाटून घेतलेले, वारसानं मिळणारे, विकताही येणारे. आपल्याकडच्या देवळांतल्या पाळ्यांवरून जे कोर्टात भांडलेत त्यांना हे कार्ड समजावून सांगावं लागणार नाही.

९ जून

दुपारी तीनला पाऊस. हॉलच्या ओसरीत चूल मांडायचा बेत रद्द, पुरोडाश घरून भाजून डब्यातून नेला. डब्यात वाफ धरून मऊ पडला. एका गृहस्थांनी खाऊन "इडलीसारखं लागतंय" म्हटलं. मी काही बोलले नाही.

साठेक माणसं आली. किकिऑनवाली मुलगी दीड तास ढवळत होती. शेवटी शेवटी ती स्वतःच स्तोत्रातली गोष्ट सांगायला लागली, माझ्यापेक्षा रंगवून. बुरशीबद्दल चौघांनी विचारलं. रिकाम्या ताटापाशी लोक सगळ्यात जास्त वेळ थांबले, आणि दोघांनी "इथलं संपलं का?" असं विचारलं.

आक्का नऊवारी नेसून आल्या. मोला साल्साच्या टेबलाशी खुर्ची घेऊन बसल्या आणि येईल त्याला आधी एकच सांगत होत्या : "हिनं भाजलं, पण पाणी मारून निघतंय." कार्ड कुणी वाचलं नाही.

११ जून

हिशोब. खर्च ११४० रुपये, समितीकडून यायचे आहेत. करवत पुसून तेल लावून पेटीत ठेवली. खपली साडेतीन किलो शिल्लक, टरफलासह. आक्का म्हणाल्या, ठेव, श्रावणात कांडू नि खीर करू. उखळ त्यांच्याकडे न्यायला गेले तर म्हणाल्या, आता तुझ्याचकडं राहू दे, पण पालथं घालू नको.